माऊसपॅड की नुसतं टेबल?

गोळीवाला माऊस होता तेव्हा हा प्रश्नच नव्हता. पोटातली रबरी गोळी फिरायला पकड लागायची आणि गुळगुळीत सनमायकावर ती नुसती घसरायची. वर आतल्या रोलरवर मळाची काळी पट्टी बसायची. ती नखाने खरवडण्यात माझ्या कित्येक दुपारी गेल्या आहेत.

१९९९ साली मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाऊस एक्सप्लोरर आला आणि गोळी गेली. खालचा लाल दिवा टेबल उजळतो, चिमुकला कॅमेरा सेकंदाला १५०० फोटो काढतो आणि लागोपाठच्या फोटोंतल्या फरकावरून बाण किती सरकवायचा ते ठरतं. म्हणजे टेबलाला थोडा खरखरीतपणा, लाकडाच्या रेषा असं काहीतरी 'दिसण्यासारखं' हवं. साधं लाकूड, मॅट सनमायका, अगदी वहीचं पुठ्ठंही चालतं.

काच मात्र नाही. तिथे बाण उड्या मारतो किंवा जागचा हलतच नाही. लॉजिटेकचे २००९ पासूनचे 'डार्कफील्ड' नावाच्या सेन्सरवाले माऊस काचेवर चालतात, पण काच निदान ४ मिलिमीटर जाड हवी. त्यापेक्षा पॅड स्वस्त.

पॅडचे बाकी फायदे किरकोळ: माऊसच्या तळाच्या पट्ट्या कमी झिजतात, रात्री खरखर ऐकू येत नाही. गेम खेळणाऱ्यांचं वेगळं, त्यांना हात लांबवर फिरवायला मोठा, एकसारखा पॅड लागतोच. तोटा एकच, कापडी पॅड मनगटाचा घाम पितो आणि धुतला नाही तर कळकट होतो.

मी एक्सेल नुसत्या टेबलावरच करतो.