१८ इंची फ्रेम, आठ महिन्यांनंतर: सीट खाली येते, लांबी कमी होत नाही

सायकल २९ इंची चाकांची ॲल्युमिनियम हार्डटेल (मागे शॉक नसलेली माउंटन बाईक), पुढे १०० मिमी दबणारा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), डिस्क ब्रेक. गिअर आणि ब्रेकबद्दल फार लिहीत नाही. या किमतीत जे मिळतं ते मिळालं आहे आणि नीट चालतं आहे. लिहायचं आहे ते फ्रेमच्या साईजबद्दल, कारण आठ महिन्यांत झालेला जवळजवळ सगळा वरखर्च साईज चुकल्यामुळे झाला: पहिला स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा तुकडा) ८५० रुपये, दुसरा ९००, शिवाय दोन वेळची फिटिंगची मजुरी. साईज बदलून मागितली तर दुकानातून उत्तर आलं, ‘चालवलेली सायकल परत घेत नाही, सीट खाली करून घ्या की.’ सीट खाली केल्यानं हा प्रश्न का सुटत नाही, तेवढं जरी कुणाला खरेदीच्या आधी कळलं तरी पुष्कळ झालं.

उंची १६८ सेंमी. दुकानातल्या तक्त्यात या उंचीसमोर १८ इंच लिहिलेलं. तक्ता एक उंची बघतो, पण सायकलवर ती दोन भागांत वाटली जाते, पाय आणि धड. १६८ सेंमीच्या दोन माणसांत एकाचा पाय ७७ सेंमी आणि दुसऱ्याचा ८१ असू शकतो. दोघांना एकच फ्रेम बसेल असं धरणं हीच पहिली चूक.

म्हणून आधी पायाचं माप घ्या. अनवाणी, भिंतीला टाच आणि पाठ टेकवून, पावलांत १५-२० सेंमी अंतर ठेवून उभं राहा. गवंड्याचा गुण्या असेल तर उत्तम, नाहीतर जाड पुठ्ठ्याची वही. तिची एक कड भिंतीला सपाट टेकवायची आणि सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढ्या जोरानं वर दाबायची. वरच्या कडेपाशी भिंतीवर खूण करायची, जमिनीपासून मोजायचं. तीनदा मोजा आणि मधला आकडा धरा. पॅंटच्या शिलाईचं माप इथं चालत नाही, ते यापेक्षा चार-पाच सेंमी कमी भरतं आणि सगळं गणित खाली ओढतं.

या मापाला ०.२२६ नं गुणलं की माउंटन बाईकचा ढोबळ इंची आकडा येतो. माझ्या ७७ ला गुणलं तर १७.४. म्हणजे १७ की १८ हे या गणितानंही सुटत नाही, आणि बहुतेकांचं असंच होतं. त्यापुढचा निर्णय लांबीवर घ्यायचा, आणि लांबी दुकानात कुणी मोजून दाखवत नाही.

१८ इंच हे माप असतं तरी कशाचं? सीटची नळी जिथं क्रँकपाशी (पेडलचे दांडे जिथं फिरतात तिथं) येते त्या मध्यबिंदूपासून नळीच्या वरच्या टोकाकडचं. काही कंपन्या वरच्या तोंडापर्यंत मोजतात, काही वरची दांडी नळीला मिळते तिथपर्यंत. पूर्वी दांडी आडवी सरळ असायची, तेव्हा या आकड्यावरून बाकीच्या फ्रेमचा अंदाज यायचा. आता दांडी मागे उतरती असते. त्यामुळे हा आकडा फक्त नळी कुठं संपते ते सांगतो, आणि सीट तर पोस्टवर (नळीत सरकणाऱ्या सीटखालच्या दांड्यावर) दहा-पंधरा सेंमी वरखाली होतेच. म्हणजे जे माप सहज बदलता येतं त्याचा आकडा स्टिकरवर, आणि जे बदलता येत नाही त्याचा कुठंच नाही.

जे बदलत नाही ते रीच: क्रँकच्या मध्यापासून पुढच्या हेड ट्यूबच्या (हँडलखालची, फ्रेमची पुढची उभी नळी) वरच्या तोंडाच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर. हे घरी किंवा दुकानात दोन मिनिटांत मोजता येतं. सपाट फरशीवर सायकल सरळ उभी करा, मागचं चाक भिंतीला टेकवा. भिंतीपासून क्रँकच्या मध्यापर्यंत किती ते मोजा. मग हेड ट्यूबच्या वरच्या तोंडावरून ओळंबा सोडा आणि भिंतीपासून त्या दोरीपर्यंत मोजा. दोन्हींची वजाबाकी म्हणजे रीच. जमिनीपासूनच्या दोन्ही उंचींची वजाबाकी म्हणजे स्टॅक. या सायकलचा रीच ४२ सेंमी भरला. दुकानात शेजारीच उभ्या असलेल्या, १७ लिहिलेल्या दुसऱ्या कंपनीच्या सायकलचा ४२.५. लहान लिहिलेली फ्रेम प्रत्यक्षात लांब निघाली! स्टिकरवरच्या आकड्यावर दोन कंपन्यांच्या सायकली ताडून बघू नका असं म्हणतात ते यासाठी.

फ्रेम लांब असेल तर त्रास कुठं होतो? तासाभरात तळहात बधिर होतात, खांदे आणि मानेच्या मधला भाग धरतो, कोपर सरळ ताठ राहतात. ताठ कोपरांमुळे प्रत्येक खड्डा थेट खांद्यात जातो. मग पहिला उपाय सगळे एकच करतात, सीट रुळांवर पुढं सरकवतात. हा उपाय करू नका. सीटची जागा पायांसाठी ठरवायची असते, हातांसाठी नाही. सीट फार पुढं गेली की गुडघा पेडलच्या एक्सलच्या (आसाच्या) पुढं जातो आणि गुडघ्याच्या वाटीपुढं दुखायला लागतं. क्रँक आडवा ठेवून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडला तर तो पेडलच्या एक्सलवर किंवा किंचित मागं पडायला हवा. तिथं सीट पक्की करा, मगच हँडलकडे वळा.

सीटची उंची: पायाचं माप गुणिले ०.८८३, क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, नळीच्या रेषेत. ७७ ला ६८ सेंमी. पेडल खाली असताना टाच पेडलवर ठेवून पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे, हा त्याचा पडताळा. दगडी वाटेवर यापेक्षा एक-दोन सेंमी खाली ठेवलेली बरी.

आता स्टेमबद्दल, आणि इथं आधीचं मत बदलावं लागतं आहे. मूळचा स्टेम ९० मिमीचा होता. दुसऱ्या महिन्यात तो काढून ६० चा बसवला. हँडल तीन सेंमी जवळ आलं, हाताचा बधिरपणा जवळजवळ गेला, आणि तिसऱ्या महिन्यात विचारणाऱ्याला ‘साईज थोडी मोठी असली तरी स्टेम बदला, काम होतं’ असंच सांगितलं असतं. पावसाळ्यानंतर ते मत टिकलं नाही. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या चढाला किंवा जांबोटीकडच्या लाल मातीच्या वाटेवर, सर्वांत हलक्या गिअरमध्ये, पुढचं चाक रेषेवर राहिना. आखूड स्टेमनं अंगाचं वजन मागं सरकलेलं, पुढं भार कमी, त्यामुळे सुट्या जांभ्याच्या खड्यांवर चाक डावीउजवीकडे भरकटतं. शिवाय हँडल जरा हलवलं की चाक लगेच वळतं. नव्या घडणीच्या ट्रेल बाईकवर (डोंगरवाटांसाठीच्या माउंटन बाईकवर) ४०-५० मिमीचा स्टेम चांगला चालतो, पण तिथं फोर्क बराच कललेला आणि हँडल रुंद असतं, सगळी फ्रेमच त्या हिशेबानं आखलेली असते. या सायकलचा फोर्क ७० अंशांच्या आसपास उभा आहे. त्यावर तोच आखूड स्टेम लावला म्हणून ती ट्रेल बाईक होत नाही.

म्हणून दुसरा स्टेम ७० चा, आणि खालचा १० मिमीचा स्पेसर (फोर्कच्या नळीवरचं कडं) काढून स्टेमच्या वर. हँडल १० मिमी खाली आलं आणि तीन-साडेतीन मिमी पुढंही गेलं, कारण हेड ट्यूब कललेली असते. चढावर पुढच्या चाकाला भार मिळाला. हात थोडे जास्त लांबवावे लागतात, तेवढं सोसायचं. यापलीकडे ही फ्रेम जात नाही. स्टेमनं एक साईजच्या आतला फरक सावरता येतो, अख्ख्या साईजचा नाही, असं आता म्हणतो.

स्टेम स्वतः बदलणार असाल तर क्रम चुकवू नका. घेण्याआधी हँडलचा व्यास बघा, ३१.८ की २५.४, आणि फोर्कची नळी २८.६ मिमीची आहे ना. आधी हँडल धरणाऱ्या समोरच्या पट्टीचे बोल्ट काढून हँडल मोकळं करा. मग बाजूचे दोन बोल्ट ढिले, वरची टोपी काढा, स्टेम बदला, फोर्क सुटून खाली येणार नाही याकडे लक्ष ठेवा. फोर्कची नळी स्टेमच्या किंवा त्यावरच्या स्पेसरच्या सर्वांत वरच्या कडेच्या सुमारे ३ मिमी खाली राहिली पाहिजे, नाहीतर टोपी नळीवरच टेकते आणि हेडसेट (फोर्क ज्यावर फिरतो ते बेअरिंग) सैल राहतो. टोपी पुढचा ब्रेक दाबून ढकलल्यावर खडखड थांबेपर्यंतच आवळायची, मग चाक आणि स्टेम एका रेषेत आणून बाजूचे बोल्ट साधारण ५ न्यूटन-मीटरवर, आलटून पालटून. बाजूचे बोल्ट आवळल्यावर टोपी फिरवून काही होत नाही, फक्त टोपीचा बोल्ट खराब होतो. पहिल्या फिटिंगला हीच चूक झाली होती आणि मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागली.

जे कशानंच बदलत नाही ते दांडीची उंची. सीटच्या पुढं, जिथं उतरल्यावर माणूस उभा राहतो तिथं, या फ्रेमची दांडी जमिनीपासून ७५ सेंमी. पाय ७७, बुटाचे दोन धरले तर ७९. अंतर उरलं चार सेंमी. डांबरी रस्त्यावर एवढं चालतं. माउंटन बाईकला किमान पाच हवं, आणि आमच्या बेळगावच्या पश्चिमेकडच्या वाटांवर त्याहून जास्त. खानापूरच्या बाजूला पावसानं धुपलेल्या वाटेला मध्ये चर पडलेली असते. घाईत उतरताना पाय चरीत गेला तर जमीन दहा सेंमी खाली असते. आपटल्यावर कळण्यापेक्षा दुकानात दांडी दोन्ही पायांत घेऊन उभं राहा आणि पुढचं चाक उचलून बघा, पाच सेंमी उचललं गेलं पाहिजे.

दोन साईजच्या मधे अडकलेल्यांसाठी: हात बाजूला पसरून बोटांच्या टोकांपर्यंतचं अंतर मोजा. ते उंचीपेक्षा चार-पाच सेंमी जास्त असेल तर मोठी साईज सोसते. कमी किंवा बरोबरीचं असेल तर लहान घ्या. दुसरा विचार कुठं चालवणार याचा. बैलहोंगल, सौंदत्तीकडच्या मोकळ्या सरळ रस्त्यांना लांब फ्रेम स्थिर वाटते. जांबोटी, कणकुंबी किंवा चंदगडकडच्या वळणांच्या वाटांना लहान फ्रेम हाताळायला सोपी. माझा कौल लहान साईजकडे आहे, कारण लहान फ्रेमला स्टेम आणि पोस्ट वाढवता येतो. मोठी फ्रेम कापता येत नाही.

पण लहान फ्रेम घेतलीत तर पोस्ट बघूनच घ्या. १६ इंची नळी म्हणजे ४०.६ सेंमी. सीटची उंची ६८ हवी, सीटची जाडी आणि रूळ मिळून साडेपाच. म्हणजे पोस्ट जवळजवळ २२ सेंमी बाहेर राहणार. ३५० मिमीचा पोस्ट असेल तर १३ सेंमी आत उरतात, ठीक आहे. ३०० चा असेल तर फक्त आठ. पोस्टवर किमान किती आत हवा याची रेघ कोरलेली असते, ती दिसता कामा नये. रेघ असो नसो, पोस्टचं खालचं टोक दांडी आणि नळीच्या जोडाच्याही खाली गेलं पाहिजे. नाहीतर सगळं वजन तरफेसारखं नळीच्या तोंडावर येतं आणि जोडापाशी तडा जातो. अशा तड्याला वॉरंटी मिळत नाही. नवा पोस्ट घेताना व्यास अंदाजानं घेऊ नका: २७.२, ३०.९, ३१.६ डोळ्यांना सारखेच दिसतात. आकडा बहुधा जुन्या पोस्टच्या खालच्या टोकापाशी कोरलेला असतो.

मुलांसाठी ‘वाढतं अंग आहे, एक साईज मोठीच घ्या’ हा आमच्याकडचा सर्रास हिशेब. पैसे वाचवायचा हेतू समजतो, पण ज्या मुलाचा पाय दांडीवरून जमिनीला पुरत नाही त्याला ब्रेक मारून थांबता येत नाही, आणि दोन वर्षं तो भीतीनं चालवतो. त्यापेक्षा आज बसणारी फ्रेम घ्या, पोस्ट लांब घ्या. पोस्टमध्येच सात-आठ सेंमीची वाढ सामावते. २९ च्या ऐवजी २६ किंवा २७.५ चं चाक घ्या. लहान फ्रेमवर मोठं चाक आलं की वळताना बुटाचं टोक टायरला लागतं.

जून ते सप्टेंबर पश्चिमेकडे चालवणाऱ्यांनी महिन्यातून एकदा पोस्ट बाहेर काढा, सायकल उलटी करून नळीतलं पाणी सोडा, पुसून ग्रीस लावा. लाल चिखल आत बसला की ॲल्युमिनियमचा पोस्ट नळीत असा धरतो की मग उंची बदलायचा प्रश्नच उरत नाही. काढण्याआधी उंचीपाशी चिकटपट्टीची खूण करायला विसरू नका.

ही सायकल विकायची ठरली आहे. १७४-१७५ सेंमीच्या माणसाला ती नीट बसेल, आणि मूळचा ९० चा स्टेम बरोबर देणार. जुनी सायकल घ्यायला कुणीही जात असाल तर पोस्टवरच्या ओरखड्यांची पट्टी बघा, आधीचा माणूस किती उंचीवर बसत होता ते त्यातून कळतं. पट्टी रेघेच्या खाली गेलेली असेल तर क्लॅंप (नळीच्या तोंडाशी पोस्ट आवळणारं कडं) काढून नळीचं तोंड आणि जोडाची वेल्डिंग उजेडात नखानं चाचपून बघा, विशेषतः मागच्या बाजूनं.