बँकॉकमधील एका 'विवाह ते व्हिसा' सेवेचा अनुभव : नोंदणीपुरती घ्या, व्हिसाची फाईल स्वतः करा

माझी पत्नी थाई आहे. मी भारतीय नागरिक असून ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याच्या हक्कावर लेस्टरला राहतो. आमचा विवाह २०२४ च्या जूनमध्ये बँकॉकला नोंदला गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिच्या स्पाउस व्हिसाचा अर्ज आम्ही भरला. या दोन्ही कामांसाठी बँकॉकमधील एका खाजगी संस्थेचे 'संपूर्ण पॅकेज' आम्ही ६८,००० बाटला घेतले होते. त्यात कागदपत्रांची भाषांतरे, थाई परराष्ट्र मंत्रालयाचे प्रमाणीकरण, जिल्हा कार्यालयातील नोंदणी आणि व्हिसाची फाईल अशी चारही कामे धरलेली होती. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण याच पद्धतीने चालणारी दुकाने तेथे अनेक आहेत आणि त्यांच्याकडून काय घ्यावे व काय घेऊ नये, हे कळले म्हणजे वाचकाचे काम भागते.

पहिल्या टप्प्याविषयी मला मनापासून चांगलेच लिहायचे आहे. परदेशी व्यक्तीला थायलंडमध्ये विवाह नोंदवायचा असेल, तर ती विवाहास मोकळी असल्याचा दाखला तिच्या देशाच्या दूतावासातून आणावा लागतो, त्याचे थाई भाषांतर करावे लागते, ते भाषांतर चेंग वत्थाना रस्त्यावरील वाणिज्यदूत विभागाकडून प्रमाणित करून घ्यावे लागते आणि मगच जिल्हा कार्यालय अर्जाला हात लावते. सुखुमवितच्या २३ क्रमांकाच्या सोयमध्ये, म्हणजे गल्लीत, असलेल्या भारतीय दूतावासातून दाखला मिळवणे हे माझे मलाच करावे लागले आणि ते तसेच असायला हवे. त्यापुढचे मात्र सगळे संस्थेने केले. प्रमाणीकरणाचे सरकारी शुल्क दर कागदाला साधे २०० बाट व तातडीचे ४०० बाट असते. त्यांनी त्याच्या पावत्या वेगळ्या दिल्या आणि स्वतःची हमाली त्यात मिसळली नाही, हे नमूद करण्याजोगे आहे.

भाषांतर करणाऱ्या बाई या संस्थेचे खरे भांडवल आहेत. माझा दाखला हातात घेतल्यावर त्यांनी प्रथम मला माझे आडनाव तीन वेळा म्हणायला लावले. पासपोर्टवर रोमन लिपीत जे अक्षर 'ल' म्हणून छापले आहे तो प्रत्यक्षात 'ळ' आहे, हे कळताच त्या खुलल्या आणि त्यांनी मला थाई वर्णमालेतील 'ळ' चे अक्षर काढून दाखवले. पाली-संस्कृतातून आलेल्या शब्दांसाठी ते थाई लिपीत अजून जपलेले आहे, फक्त उच्चार मात्र सरसकट 'ल' असाच होतो. हा प्रकार नुसत्या गमतीचा नव्हता. विवाहाच्या प्रमाणपत्रावर माझे नाव थाई लिपीत येणार होते आणि एकदा ठरलेले ते लेखन पुढे प्रत्येक कागदावर अक्षरशः तेच राहायला हवे, म्हणून त्यांनी ते एका स्वतंत्र चिठ्ठीवर लिहून, माझी सही घेऊन फाईलला जोडले. त्या चिठ्ठीने नंतर दोनदा आमची अडचण सोडवली.

दुसरी गोष्ट त्यांनीच पकडली. माझ्या पत्नीने कॉलेज संपल्यावर स्वतःचे पहिले नाव बदलले होते. ज्योतिषाच्या वा भिक्षूच्या सल्ल्याने नाव बदलणे तेथे इतके सर्रास चालते की तिला ते सांगण्यासारखे वाटलेच नव्हते. पदवीचे प्रमाणपत्र जुन्या नावाचे, पासपोर्ट नव्या नावाचा आणि दोहोंना जोडणारा नावबदलाचा दाखला तिच्या आईच्या कपाटात, दूर उदोन थानीला. बाईंनी 'ताबियन बान', म्हणजे घराच्या नोंदीचे निळे पुस्तक, वाचताना नाव व तारीख ताडून पाहिली आणि तो दाखला मागवून घेतला. हे व्हिसाच्या टप्प्यावर उघडकीस आले असते, तर आम्हाला आणखी महिनाभर थांबावे लागले असते. याच बाईंकडून एक चूकही झाली होती. थाई कागदांवर बौद्ध सनाची वर्षे असतात व त्यांतून ५४३ वजा करावे लागतात. एका पानावर २५३४ चे १९९१ होण्याऐवजी १९८१ झाले होते. मी ते दाखवताच त्यांनी कान पकडला आणि तासाभरात नवे पान सही-शिक्क्यासह दिले. माझा सल्ला एवढाच की वजाबाकी आपण स्वतःही करून पाहावी.

नोंदणी बांग राक जिल्हा कार्यालयात झाली. 'राक' म्हणजे प्रेम, आणि त्या नावापायी १४ फेब्रुवारीला तेथे जोडप्यांची झुंबड उडते. जूनमधल्या मंगळवारी मात्र आमच्यापुढे दोनच जोडपी होती. त्यांतले एक दोन पुरुषांचे होते आणि त्यांची फाईल त्या दिवशी परत गेली. समान विवाहाचा कायदा २३ जानेवारी २०२५ ला लागू झाला, ते थोडे आधी आले होते. आमच्याकडे संस्थेचा दुभाषा हजर होता. दोन साक्षीदारांपैकी एक पत्नीचा भाऊ होता आणि दुसरी, आयत्या वेळी न आलेल्या मैत्रिणीऐवजी, संस्थेचीच कर्मचारी होती. पत्नी आडनाव बदलणार का, असे अधिकाऱ्याने विचारले, तेव्हा दुभाष्याने उत्तर देण्यापूर्वी आम्हाला बाजूला घेऊन समजावले की बदलले तर ओळखपत्र, घराची नोंद आणि पासपोर्ट हे तिन्ही नव्याने करावे लागतील व तोवर व्हिसाचा अर्ज अडून राहील. तिने माहेरचे आडनाव ठेवले. तासाभराने नक्षीदार काठाच्या विवाह प्रमाणपत्राच्या, म्हणजे 'खोर रोर ३' च्या, दोन प्रती हातात आल्या. नोंदीचा सविस्तर उतारा, म्हणजे साधासुधा दिसणारा 'खोर रोर २', मागून घ्यायची आठवणही दुभाष्यानेच केली. येथपर्यंत पाचपैकी पाच गुण द्यायला माझी हरकत नाही.

व्हिसाची फाईल मात्र त्याच छताखालच्या दुसऱ्या टेबलावर गेली आणि तेथून पाट्या टाकणे सुरू झाले.

त्या टेबलावर आम्हाला जे माहितीपत्रक मिळाले त्यात प्रायोजकाच्या, म्हणजे ब्रिटनमध्ये राहणाऱ्या जोडीदाराच्या, किमान वार्षिक उत्पन्नाची अट १८,६०० पौंड अशी छापलेली होती. ब्रिटनने ती ११ एप्रिल २०२४ पासून २९,००० पौंड केली होती आणि आम्ही जुलैमध्ये समोर बसलो होतो. माझा पगार नव्या अटीत बसत होता म्हणून निभावले. जुन्या आकड्यावर विसंबून पैसे भरून बसलेल्या माणसाचे काय होईल, या प्रश्नावर तेथील तरुणाने पत्रक उलटे करून ठेवले, एवढेच.

त्यानंतर इंग्रजीचा विषय निघाला. पहिल्या अर्जाला मान्यताप्राप्त केंद्रावर दिलेली, फक्त बोलणे व ऐकणे तपासणारी, ए-१, म्हणजे अगदी प्राथमिक, पातळीची परीक्षा पुरते. आयेल्ट्सची 'लाइफ स्किल्स' नावाची परीक्षा नेमकी त्यासाठीच आहे. तिच्यात दोन उमेदवार परीक्षकासमोर एकत्र बसतात आणि निकाल उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढाच असतो. संस्थेने मात्र चारही कौशल्यांची मोठी परीक्षा व तिच्यासाठी ओळखीच्या शिकवणीचा तीन महिन्यांचा वर्ग सुचवला. पत्नी हॉटेलच्या स्वागतकक्षात सहा वर्षे काम करत होती व दिवसभर इंग्रजीच बोलत होती. ती ए-१ ची परीक्षा देऊन वीस मिनिटांत बाहेर आली.

सर्वांत गंभीर घोळ दोन झाले. नोकरदार प्रायोजकाला सहा महिन्यांच्या पगारपावत्या, त्यांच्याशी जुळणारे बँकेचे उतारे आणि मालकाचे पत्र द्यावे लागते, आणि त्यांतील शेवटच्या तारखेचा कागद अर्जाच्या दिवशी २८ दिवसांहून जुना चालत नाही. अर्जाचा दिवस म्हणजे ऑनलाइन शुल्क भरल्याचा दिवस. मी ऑगस्टअखेरपर्यंतचे उतारे पाठवले होते. दहा सप्टेंबरपर्यंत फाईल तयार करण्याचे त्यांनी कबूल केले होते आणि प्रत्यक्षात मसुदा आला तो ३ ऑक्टोबरला, म्हणजे मुदत उलटून गेल्यावर. मी हे लक्षात आणून दिले, तेव्हा 'आजवर कोणी हरकत घेतली नाही' असे उत्तर मिळाले. मी सप्टेंबरचा उतारा व पावती मागवली, एप्रिल ते सप्टेंबर असे सहा महिने नव्याने लावले आणि १४ ऑक्टोबरला शुल्क भरले.

दुसरा घोळ याहून वाईट होता. पत्नीचा २०२२ मधील पर्यटक व्हिसाचा अर्ज नाकारला गेला होता. पूर्वी कधी व्हिसा नाकारला गेला आहे का, या प्रश्नापुढे मसुद्यात सरळ 'नाही' असे लिहिलेले होते. त्या तरुणाचे म्हणणे असे की जुने उकरून कशाला काढायचे. ब्रिटनच्या गृहखात्याकडे त्यांचेच जुने निर्णय असणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही, आणि खोटी माहिती हे कारण चांगला अर्जही बुडवायला पुरेसे असते. आम्ही 'होय' लिहिले, नकाराचे पत्र जोडले आणि तेव्हा कागद अपुरे का होते ते चार ओळींत सांगितले.

मसुद्यातील प्रायोजकाचे पत्रही वाचण्यासारखे होते. त्यात मी मँचेस्टरला राहत होतो, आमची भेट एका मित्राच्या लग्नात झाली होती आणि तिसऱ्या परिच्छेदात माझी पत्नी एकदम पुरुष झाली होती. दुसऱ्या कोणाच्या तरी संसारावर आमची नावे चिकटवलेली होती. नाते खरे आहे की नाही हे ज्या कागदांवरून ठरते, ते असे छापातून काढता येत नाहीत. आम्ही ते पत्र बाजूला ठेवले आणि एका रविवारी चार वर्षांची विमानतिकिटे, पासपोर्टवरील शिक्के, दर महिन्याचे मोजके संदेश आणि तिच्या आईच्या घरच्या समारंभाचे फोटो तारखांनुसार लावले. फोटो बाराच दिले, प्रत्येकाखाली स्थळ व दिवस लिहून. संस्थेच्या यादीत 'किमान शंभर फोटो' होते.

पैशांबाबत दोन गोष्टी सांगायला हव्यात. विवाहाच्या कागदांच्या इंग्रजी भाषांतरांनाही मंत्रालयाचा शिक्का 'ब्रिटनसाठी आवश्यक' म्हणून त्यांनी चार कागदांचे तातडीचे शुल्क घेतले. ब्रिटनच्या नियमांना मात्र भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही, तारीख, संपर्काचा तपशील आणि भाषांतर अचूक असल्याचे निवेदन एवढेच हवे असते, आणि ते बाईंच्या कागदावर आधीच होते. दुसरी गोष्ट अशी की अर्जाचे तेव्हाचे १,८४६ पौंड आणि आरोग्य अधिभाराचे, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी आगाऊ भरायचे, ३,१०५ पौंड त्यांच्यामार्फत बाटमध्ये भरण्याचा आग्रह त्यांनी धरला. ते आपल्याच कार्डावरून सरकारी संकेतस्थळावर भरावेत, म्हणजे पावती व अर्जाचा ताबा दोन्ही आपल्याकडे राहतात. क्षयाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रावरच करावी लागते व तिचा दाखला सहा महिने चालतो, हे त्यांनी बरोबर सांगितले होते, तेव्हा तेवढे श्रेय त्यांना देतो.

सुखुमवितच्या केंद्रावर बोटांचे ठसे दिल्यानंतर अडीच महिन्यांनी व्हिसा आला, अतिरिक्त कागद न मागता. त्यानंतर मी संस्थेकडे फाईलच्या टप्प्याची रक्कम परत मागितली. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर ९,००० बाट परत आले, बाकीचे 'सल्ला दिल्याबद्दल' राखून ठेवण्यात आले.

व्हिसा ३३ महिन्यांचा आहे. मुदतवाढीला इंग्रजीची ए-२ पातळी लागेल, पगाराचे कागद पुन्हा लागतील, पण थाई कागद जवळजवळ लागणार नाहीत, त्यामुळे त्या दुसऱ्या टेबलाशी आमचा संबंध संपला. सासूबाईंना पुढच्या उन्हाळ्यात लेस्टरला यायचे आहे. त्यांच्या घराची नोंद पत्नीने परवाच भाषांतरासाठी त्या बाईंकडे पाठवली, दर पानी ५०० बाट, आणि या वेळी सनांची वजाबाकी तिने आधीच करून ठेवली आहे.