संध्याकाळी सहा ते नऊ: अमळनेरातली एक अभ्यासिका

माझा भाकरीचा धंदा. कळण्याच्या भाकरी, भरीत, ऑर्डर असली तर मांडे. गिऱ्हाईक येतं सहानंतर, आणि पोराच्या अभ्यासाची वेळही तीच. मालक गेल्यापासून पोरगा वही घेऊन चुलीशेजारीच बसायचा. अर्धं गणित झालं की कुणी हाक मारायचं, "पाच भाकरी पार्सल!" की हा उठला. वहीच्या पानांवर पिठाची बोटं. आता सातवीत आहे.

जूनपासून त्याला गल्लीमागच्या अभ्यासिकेत घातलंय. हा क्लास नाही, आधीच सांगते. ताई फारसं शिकवत नाहीत, बसवतात. अडलं तर विचारायचं. सासूबाईंना पटेना: "पोऱ्या तठे खरंच बठस का?" बसतो.

फॉर्मवर "वडिलांची सही" हा रकानाच नव्हता. "घरी कोण?" एवढंच. शाळेच्या फॉर्मवर मी दरवर्षी तिथे आडवी रेघ मारते आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच.

महिना सातशे. ते बालसंगोपन योजनेतून जातात. एकट्या पालकाच्या मुलासाठी, अर्ज मंजूर झाला तर, अठरा वर्षांपर्यंत महिन्याला २,२५० रुपये. २०२३ च्या आधी १,१०० होते. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, आधार, पासबुक, मग घरी येऊन चौकशी, मग बालकल्याण समितीचा आदेश. एका दाखल्यासाठी मला चार खेटे पडले, चारही दिवसांच्या भाकरी बुडाल्या. "हप्ता आला की द्या," असं ताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, म्हणून तर घातलं.

ताईंनीच सांगितलं, २००३ साली अकरा देशांतल्या तिसरी-चौथीच्या मुलांच्या गणित-विज्ञानाच्या गुणांवर एक अभ्यास आला होता. सरकार एकट्या पालकाच्या घरांना जिथे हात आखडून मदत करतं, तिथे त्यांची मुलं दोन पालकांच्या मुलांपेक्षा जास्त मागे. ही तफावत अमेरिका आणि न्यूझीलंडमध्ये सगळ्यांत जास्त. अमेरिकेचं ऐकून सासूबाईंना नवल वाटलं, मला नाही. माझा पोरगा डोक्याने मागे नव्हता, सहा ते नऊत मागे पडत होता.

खोट सांगायची तर इंग्रजीला कुणी नाही. लाईट गेली की इन्व्हर्टरवर एकच ट्यूब, मागच्या रांगेला दिसत नाही. पोराला पुढे बसवायचं असेल तर पावणेसहाला पाठवा. आणि डासांची अगरबत्ती आपली आपण द्या.