हाएना स्टेट पार्क, कवाई: मोजून उघडलेलं दार

हवाईतल्या कवाई बेटावर उत्तरेकडचा रस्ता जिथे संपतो, तिथे केए किनारा आणि हाएना स्टेट पार्क आहे. कोविडनंतर पर्यटक पुन्हा येऊ लागले तेव्हा या पार्काने गर्दी कशी आवरली हे समुद्रकाठची कुठलीही जागा सांभाळणाऱ्यांनी नीट पाहावं. जाणाऱ्यांनीही पाहावं, कारण माहिती न घेता गेलात तर गेटवरूनच गाडी वळवावी लागते.

ही व्यवस्था साथीसाठी उभी केलेली नव्हती. १४-१५ एप्रिल २०१८ ला जवळच्या वाइपात २४ तासांत ४९.६९ इंच, म्हणजे १२६२ मिलिमीटर पाऊस कोसळला. अमेरिकेतला हा विक्रम. (२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाला होता, त्यावरून अंदाज करा.) दरडींनी एकुलता एक रस्ता गाडला आणि पार्क थेट १७ जून २०१९ ला उघडलं. पुरापूर्वी दिवसाला दोन हजारांहून जास्त माणसं यायची, गाड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना लागायच्या. उघडताना बाहेरच्या पाहुण्यांसाठी दिवसाला ९०० ही मर्यादा आली, आधी बुकिंग सक्तीचं झालं आणि साधारण शंभर गाड्यांच्या तळातला काही भाग हवाईच्या रहिवाशांसाठी राखून ठेवला गेला.

मार्च २०२० मध्ये सगळं पुन्हा थांबलं. बेटाची वस्ती ७३ हजारांच्या आसपास, अतिदक्षता खाटा मोजक्या. प्रवासाआधी चाचणी केली तर विलगीकरणातून सूट, ही योजना राज्याने १५ ऑक्टोबर २०२० ला सुरू केली. कवाई २ डिसेंबरला तिच्यातून बाहेर पडलं आणि ५ एप्रिल २०२१ ला परत सामील झालं. त्यानंतर माणसांचा लोंढा येणारच होता. इतर बहुतेक किनाऱ्यांवर मोजायची सोयच नव्हती. इथे आकडा आधीपासून ठरलेला होता, आणि माझ्या मते खरी सुरक्षितता तिथेच आहे. ‘अंतर ठेवा’ ची पाटी लावून अंतर राहत नाही. आत किती माणसं सोडायची ते ठरलं की राहतं.

पण नुसता दिवसाचा आकडा पुरत नाही. नऊशेही सकाळी नऊलाच आले तर शौचालयापाशी आणि पायवाटेच्या तोंडाशी तीच चेंगराचेंगरी. म्हणून पार्किंगच्या वेळा तोडलेल्या आहेत: सकाळी ६:३० ते १२:३०, दुपारी १२:३० ते ५:३०, आणि ४:३० पासून सूर्यास्तापर्यंत. समजा शटल (पाहुण्यांना बाहेरून पार्कापर्यंत आणणारी बस) बंद ठेवली आणि पाहुण्यांच्या सत्तर गाड्या धरल्या, गाडीत तिघं, तीन वेळा, तर ६३० माणसं होतात, आणि तीही दिवसभर विभागून. व्यवस्थेत सगळ्यात कच्चा दुवा शटलचाच होता. बंद गाडी, अनोळखी घरांतली माणसं शेजारी शेजारी. सार्वजनिक वाहनांत मास्कची केंद्रीय सक्ती १८ एप्रिल २०२२ पर्यंत होती, त्यामुळे चालकाला वाद घालत बसावं लागत नसे. अशा ठिकाणी खिडक्या उघड्या ठेवणं आणि थांब्यावर उघड्यावर रांग लावणं याला पर्याय नाही.

हे चालवतंय कोण? हुई माकाआइनाना ओ माकाना ही हाएनाच्या मूळ घराण्यांची संस्था. राज्याच्या पार्क विभागाशी करार करून ती १९९९ पासून पार्कातली कालोची (अळूची) जुनी खाचरं पुन्हा लागवडीखाली आणते आहे. याच वस्तीच्या पुढाकाराने २०१५ मध्ये इथे स्थानिक मासेमारीचे स्वतंत्र नियमही लागू झाले. बुकिंग आणि पार्किंग हुई पाहते, शटल हानालेई इनिशिएटिव्ह. पार्किंगचा पैसा गावातल्याच माणसांच्या रोजगारात आणि जमिनीच्या निगराणीत जातो. गेटवर उभा असलेला माणूस त्या जमिनीचा असला की तो नियम वेगळ्या जिव्हाळ्याने सांगतो.

तळावरून किनाऱ्याकडे जाणारी लाकडी वाट या खाचरांच्या कडेने जाते. कालो म्हणजे आपलं अळूच. पान तेच, देठ तेच. इथे त्याचा कंद उकडून, कुटून पोई करतात. खाचराला लोई म्हणतात. ओढ्याचं पाणी पाटाने आत येतं, एकातून दुसऱ्यात उतरतं आणि परत ओढ्याला मिळतं. हे पाणी थंड आणि वाहतं राहायला हवं. साचून तापलं की कंद कुजतो. पोराने गंमत म्हणून पाटात चार दगड टाकले तरी खालच्या लोईचं पाणी अडतं, म्हणून वाटेवरून खाली उतरायचं नाही.

बुकिंगबद्दल. ३० दिवस आधी, हवाईच्या मध्यरात्री खिडकी उघडते. भारतात तेव्हा दुपारचे साडेतीन वाजतात. न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे सहा, हिवाळ्यात पाच. कॅलिफोर्नियात पहाटेचे तीन किंवा दोन. पार्किंग काही मिनिटांत संपतं, शटलची तिकिटं थोडी जास्त टिकतात. प्रवेश माणशी ५ डॉलर, पार्किंग प्रत्येक वेळेला १० डॉलर. शटलचं भाडं प्रवेशासकट असलं तरी चांगलंच महाग आहे, चौघांच्या कुटुंबाला ते जाणवतं. ही माझी मोठी तक्रार. गाडी लांब लावून चालत आलात तरी प्रवेशाचं बुकिंग लागतंच. गेटवर तिकीट विकत मिळत नाही. रहिवाशांना ओळखपत्रावर प्रवेश मोफत. तिथे मोबाइलला रेंज नसते, तेव्हा पावती आदल्या रात्रीच फोनमध्ये उतरवून ठेवा. खायलाही काही मिळत नाही.

वाटेतले पूल एकपदरी आहेत. समोरून पाच-सात गाड्या आधी जाऊ द्यायच्या, मग आपण. हॉर्न वाजवायचा नाही.

कालालाऊ वाट केएपासूनच सुरू होते. हानाकापीआयचा ओढा दोन मैलांवर. तिथून धबधब्याला आणखी दोन मैल, त्यामुळे जाऊन-येऊन आठ मैल. सकाळची वेळ घेऊन धबधबा गाठायला निघाल तर साडेबाराच्या आत परत येणं कठीण. सकाळ आणि दुपार अशा दोन्ही वेळा घ्या किंवा शटलने या. डोंगरात पाऊस असेल तर खाली ऊन असतानाही ओढा काही मिनिटांत फुगतो. पाणी गढूळ दिसलं की ओलांडायचं नाही, उतरेपर्यंत अलीकडेच थांबायचं, शटल चुकली तरी. हानाकापीआयच्या समुद्रात उतरू नका, तिथे जीवरक्षक नाही. केएला आहे. आणि वाटेवर जाण्याआधी आणि आल्यावर बुटांचे तळवे ब्रशने घासा; ओहिया झाडं मारणारी बुरशी चिखलातून पसरते, आणि ती २०१८ मध्ये कवाईवरही पोचली.