निळा बिल्ला घ्यावा की पितळी त्रिकोण?

पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश दारूगोळा कामगारांचे बिल्ले जमवू पाहणाऱ्यापुढे सुरुवातीला बहुधा दोनच पर्याय येतात: पुरुषांचा १९१५ चा निळ्या मीनाकामाचा बिल्ला आणि स्त्रियांचा १९१६ चा पितळी त्रिकोण. दोन्हींवर ‘ऑन वॉर सर्व्हिस’ (युद्धसेवेत) ही अक्षरे आहेत आणि दोन्ही अजून तरी आवाक्यातले आहेत.

इतिहासाच्या बाजूने पाहिले, तर निळ्याचे पारडे जड आहे हे मान्य करायला हवे. ऑगस्ट १९१४ मध्ये इंग्लंडमधील फोकस्टन येथे अ‍ॅडमिरल फिट्झजेराल्ड यांनी साध्या कपड्यांतील तरुणांना बायकांच्या हातून भित्रेपणाची खूण म्हणून पांढरे पीस देण्याची मोहीम सुरू केली आणि तोफगोळे घडवणारा कुशल कारागीरही भर रस्त्यात भित्रा ठरू लागला. पुढच्या वर्षी तोफगोळ्यांच्या टंचाईवरून गदारोळ झाला, लॉइड जॉर्ज यांच्या हाती नवे दारूगोळा मंत्रालय आले आणि कामगारांच्या बिल्ल्यांचा कारभार कायद्याच्या चौकटीत बसला. कोटाच्या काजात अडकवलेला निळा बिल्ला अशा वेळी ढालीचे काम करी. त्रिकोणामागे एवढे नाट्य नाही.

तरीही माझा कल त्रिकोणाकडे झुकला, त्याला कारण निळ्याचा मीना. मीना म्हणजे काचच. ती कडेला टवका उडून फुटते, आणि फुटलेली जागा रंगवलेल्या राळेने भरून बिल्ला ‘उत्तम स्थितीत’ म्हणून विकला जातो. भारतात बसून केवळ छायाचित्रावर खरेदी करणाऱ्याला हे कळणे जवळजवळ अशक्य आहे. माझ्याकडे आलेला एक बिल्ला स्क्रीनवर निर्दोष दिसत होता. हातात घेऊन खिडकीच्या उजेडात तिरपा धरला तेव्हा वर्षाच्या आकड्याशेजारचा निळा किंचित जांभळट आणि फुगीर दिसला, आणि तेथे सुईचे टोक चक्क रुतले. विक्रेत्याने पैसे परत केले, पण तेव्हापासून निळा बिल्ला पाहिला की आधी संशयच येतो.

त्रिकोणात लपवायला जागा नाही. पितळ झिजले तर झिजलेले दिसते, घासून गुळगुळीत केले असेल तर अक्षरांच्या कडा बोथट होतात, आणि हे साध्या छायाचित्रातही उमगते. त्याचा दुखरा भाग मागची पिन. ती तुटलेली किंवा नंतर डाग देऊन बसवलेली पुष्कळदा आढळते. दारू भरण्याच्या विभागांत ठिणगीच्या भीतीने अंगावर धातूची वस्तू ठेवू देत नसत, त्यामुळे रोजच्या काढघालीत पिना झिजल्या असाव्यात, असा माझा अंदाज आहे. बदललेली पिन मला तरी खपते, कारण ती लपत नाही. (आपल्याकडे आल्यावर मात्र देवघरातल्या पितळेसारखी चिंच लावून घासू नये, शंभर वर्षांचा काळपटपणा एकदा गेला की पुन्हा येत नाही.)

बिल्ल्यासोबत धारकाच्या नावाचे मूळ प्रमाणपत्र मिळत असेल, तर मात्र मीन्याचा टवका खुशाल सोसून निळाच घ्यावा, कारण बिल्ल्यावरच्या नुसत्या क्रमांकावरून माणसापर्यंत पोहोचण्याची आशा फारशी धरता येत नाही. असा कागद नसेल तर मी त्रिकोण सुचवेन, आणि पैसे भरण्याआधी पाठीचे छायाचित्र आवर्जून मागवायला सांगेन.