जादा दात निघाला, खरं काम त्यानंतरचं: चेन आणि ब्रेसेसचा अनुभव

आमच्या चिरंजीवांच्या वरच्या हिरडीतून एक जादा दात काढला आणि त्याने अडवून ठेवलेल्या पटाशीच्या दाताला खाली ओढण्यासाठी बारीक चेन लावली. त्यालाही आता बरेच महिने झाले. दात काढण्याबद्दल वाचायला भरपूर मिळतं, नंतरच्या रखडपट्टीबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हा खटाटोप.

वरचे मधले दोन दात साधारण सातव्या-आठव्या वर्षी येतात. याचा उजवा आला, त्याच्या शेजारचाही आला, डावीकडचा दुधाचा दात मात्र हलायचं नाव घेईना. ‘येईल हो, काहींचे उशिरा येतात,’ हे ज्याच्या त्याच्या तोंडी. डेंटिस्टचा हिशोब सरळ होता: एक दात येऊन सहा महिने उलटले आणि जोडीदाराचा पत्ता नाही, तर एक्स-रे काढायचाच. त्यात दिसला मधोमध बसलेला, पिंपासारखा बुटका, माथ्यावर उंचवटे असलेला दात. निमुळते जादा दात बऱ्याचदा बाहेर तरी येतात; हा प्रकार सहसा आतच राहतो आणि खऱ्या दाताची वाट अडवतो. तो टाळूच्या बाजूला आहे की ओठाच्या, हे एका एक्स-रेत कळत नाही. एक्स-रे यंत्राची ट्यूब बाजूला सरकवून दुसरा काढला. ट्यूब गेली त्याच दिशेला तो सरकलेला दिसला, म्हणजे टाळूच्या बाजूला. मुळाशी किती खेटलाय हे बघायला नंतर सीबीसीटी, म्हणजे दातांचा त्रिमितीय स्कॅनही केला.

दात ज्या पेशींच्या पट्टीतून घडतात ती गरजेपेक्षा जास्त काम करते, असं कारण मानलं जातं. कायमच्या दातांत असे जादा दात १ ते ३ टक्के लोकांत सापडतात, मुलग्यांत मुलींच्या साधारण दुप्पट. त्यामुळे ‘कॅल्शियम जास्त झालं का?’ हा आमच्या घरात रंगलेला वाद निकालात निघाला.

पर्याय दोन होते. जादा दात काढायचा आणि थांबायचं. जागा मोकळी असेल तर अडकलेला दात पुष्कळदा आपणहून उतरतो, पण वर्ष-दीड वर्ष किंवा त्याहून जास्त लागू शकतं. किंवा त्याच भुलीत दात उघडा करून त्यावर चेन चिकटवायची. आमचा दात बराच वर, तिरका, आणि शेजारचे दात कलून जागा आक्रसलेली, म्हणून दुसरा. जागा असती तर मी बिनधास्त थांबलो असतो.

आता वापराबद्दल. टाके आणि सूज हा भाग चटकन संपतो. नंतर ब्रेसेसच्या तारेवर स्प्रिंग घालून जागा करत बसले, तेव्हा चेन नुसतीच हिरडीतून डोकावत होती. तिचं टोक ओठाला टोचायचं. मेणाची गोळी दाबून बसवली की निभायचं, रात्री ती गळून पडायची. ओढणं सुरू झालं तसा दर भेटीत चेनचा वरचा दुवा धरून जादा दुवे कापायचे. जोर अगदी हलका असतो. पोराची तक्रार एक-दोन दिवसच, तीही चावताना. पुढच्या दातांनी तोडून खाणं बंद, फळ कापूनच. घासणं हाच खरा व्याप: चेनभोवती हिरडी लगेच लाल होते, त्यासाठी बारीक फटींचा ब्रश लागतोच.

एक ब्रॅकेट (तार धरायला दातावर चिकटवलेला तुकडा) निघालं, तासाभराचं काम. धाकधूक होती ती हिरडीखालचं चिकटवलेलं सुटण्याची, कारण मग पुन्हा हिरडी उघडावी लागू शकते. आमचं टिकलं.

मग एके दिवशी दाताची कड दिसली, नव्या दाताला असतात तसे तीन बारीक उंचवटे घेऊन. आता तो जवळपास ओळीत आलाय, थोडा वळलेला आहे. ते सरळ करणं, मुळावर लक्ष ठेवणारे एक्स-रे आणि पुढे दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर बाकी आहे.

या उपचाराला पाचपैकी चार तारे. एक कापला तो दाताच्या वागण्यावर नव्हे: असा ओढून आणलेल्या दाताची हिरडी शेजारच्यापेक्षा वर राहू शकते, हे आम्हाला संमतीपत्रावर सही घेतानाच सांगायला हवं होतं. आम्हाला ते आरशात कळलं.