‘समजलं का?’ सोडून काय विचाराल: पोल, चिठ्ठी की आवाजी उत्तर?

ऑनलाइन तासाला ‘समजलं का?’ विचारलं की चॅटमध्ये ‘हो मॅडम’ची रांग लागते. त्यावर विसंबून मी एकदा सहावीला अपूर्णांकांची बेरीज शिकवून पुढे गेले. चार दिवसांनी वह्यांचे फोटो आले, तर कित्येकांनी १/२ + १/३ = २/५ असं मांडलेलं. अंशात अंश, छेदात छेद. तेव्हापासून गुण न देता अंदाज घ्यायचे तीन मार्ग मी वापरून पाहिले.

पोल सर्वांत झटपट, मिनिटभरात वर्गाचा कल कळतो. पण वरच्या गणितात २/५ हा पर्याय ठेवलाच नाही, तर ती चूक कधीच दिसणार नाही. सगळी मेहनत चुकीचे पर्याय निवडण्यात आहे. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९१ पासून रुजवलेली पद्धत मला फार पटते: साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली, तर उत्तर सांगायचं नाही; मुलांनी एकमेकांना पटवायचं आणि पुन्हा पोल घ्यायचा. झूमच्या ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे मुलांचे छोटे गट वेगळे बसवता येतात तिथे, हे जमतं. व्हॉट्सॲप गटातल्या पोलमध्ये मात्र कोणी काय निवडलं ते सहसा दिसतं, मग बुजरी मुलं हुशार मुलाच्या मागे जातात. झूमवर निनावी पोल घेता येतो.

तास संपताना गूगल फॉर्मवर एका प्रश्नाची चिठ्ठी घेणं सोपं. ‘काय अडलं?’ असं विचारू नका, ‘काही नाही’ हेच येतं. ‘२/५ का चूक, ते दोन ओळींत लिही’ असं विचारा.

आवाजी उत्तर, म्हणजे मुलाने स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवलेलं उत्तर, माझं सर्वांत आवडतं. एका मुलीने पाठवलं होतं, ‘‘मॅडम, भाकरीचे तुकडे लहानमोठे असतील तर मोजायचे कसे? म्हणून आधी छेद सारखे करायचे.’’ हे कुठल्याच पोलमध्ये सापडलं नसतं. पण ४० मुलांचं मिनिट-मिनिट ऐकायचं तर ४० मिनिटं जातात, म्हणून मी रोज पाच-सहा जणांनाच सांगते.

वर्ग मोठा असेल तर पोल आणि चिठ्ठी; पंधराच्या आत असेल तर आवाजी उत्तरच. आणि घरात एकच फोन, तोही वडिलांबरोबर संध्याकाळी येणारा असेल, तर त्या मुलाला पोलमध्ये धरू नका. त्याला रात्री नऊपर्यंत आवाजी उत्तर पाठवू द्या.